आबांची मिशी आणि लांबचा भाऊबंद

माझ्या चुलत सासऱ्यांशी, म्हणजे आबांशी, लग्नानंतर कित्येक वर्षं मी एक शब्दही थेट बोलले नाही, आणि तरी आमचं भांडण एक दिवस थांबलं नाही.

हे कसं जमलं ते आधी सांगते. तापीकाठच्या आमच्या गावात सुनेने मोठ्या सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं, अशी रीत. पदर मी घेतला. तोंड बंद ठेवणं मला कधीच जमलेलं नाही. शिवाय मी गावच्याच हायस्कुलात विज्ञान शिकवते, म्हणजे तोंड उघडायचाच पगार घेते. त्यामुळे मध्यस्थ लागली. ती म्हणजे मोठी माय, माझी चुलत सासू. आबा ओट्यावरच्या खाटेवर, मी आत चुलीपाशी आणि मोठी माय दारात. आबा तिला सांगायचे, ती मला सांगायची, मी तिला सांगायची, ती आबांना सांगायची. भिंत होती एक वीट जाडीची आणि दाराला नुसता पडदा. दोघांनाही दोघांचं सगळं ऐकू यायचं, पण मोठ्या मायकडून आल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचं नाही.

भांडणाचा विषय माकड.

दहावीला उत्क्रांतीचा धडा असतो. तो मी शिकवायला घेतला की पोरं संध्याकाळी घरोघर बातमी नेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची खाट करकरते. आबा म्हणजे आमच्या भाऊबंदकीतले सगळ्यात थोरले, मारुतीच्या देवळाचे कारभारी आणि तालुक्यात नाव असलेल्या मिशीचे मालक. ती मिशी दोन्ही बाजूंनी वर वळून कानाला काहीतरी गुपित सांगायला निघाल्यासारखी दिसायची. ब्रह्मदेवाने माणूस माणूसच घडवला, यावर आबांचा ठाम विश्वास. आणि घडवताना मिशीसकट घडवला, असंही त्यांना वाटत असावं.

"तिले सांग," आबा मोठ्या मायला म्हणायचे, "मन्ह्या धाबावर इतला वांदरे उड्या मारतस. एक बी अजून पँट घाली ऊना नही."

मी आतून म्हणायची, "त्यांना सांगा, माकडांना माणूस व्हायचंच नाहीये. त्यांनी माणसं जवळून बघितली आहेत."

मोठी माय दारातून मान वळवायची आणि आबांना सांगायची, "ती म्हनस, च्या थंडा व्हई ऱ्हायना."

मोठी माय निरोप पोचवायची ते असे. घरात शांतता कशी राहते, याचं शास्त्र तिला माझ्या शास्त्रापेक्षा बरं कळायचं. आबा चहा प्यायचे, मला जिंकल्यासारखं वाटायचं, त्यांनाही वाटायचं, आणि धडा पुढच्या वर्षावर जायचा.

माझं माहेर नाशिककडचं. अहिराणी मला सगळी कळते, पण मी ती बोलले की घरात हशा पिकतो, म्हणून मी आपली शाळेतली मराठी बोलते. ओट्यावरून अहिराणी, आतून पुस्तकी मराठी, आणि मध्ये मोठी माय. आंतरराष्ट्रीय परिषदच म्हणा ना.

शाळेतला प्रकार याहून निराळा नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत एक जुना तक्ता आहे. त्यावर डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा ताठ माकड, मग केसाळ माणूस, आणि असं करत करत उजवीकडे सरळ चालणारा माणूस. बसस्टँडवरच्या रांगेसारखे सगळे एकामागे एक. हा तक्ता चूक आहे, हे मी दर वर्षी घसा फोडून सांगते. माकडाचा माणूस झाला असं नव्हे. माकड आणि माणूस या एकाच झाडाच्या वेगवेगळ्या फांद्या, खोड एक. पोरं माना डोलावतात, वहीत झाड काढतात आणि डोक्यात रांग घेऊन घरी जातात. आणि गंमत सांगू? त्या तक्त्यातल्या पहिल्या माकडाला कुणीतरी शेंदूर लावलेला आहे. कोणत्या बॅचने लावला माहीत नाही. बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याच्यापुढे झेंडूची फुलं सापडतात. उत्क्रांतीवरच्या प्रश्नाला चांगले गुण पडावेत म्हणून मारुतीला साकडं, आणि तेही उत्क्रांतीच्याच तक्त्यावर! मी तो शेंदूर एकदा पुसायला गेले. ओलं फडकं हातात धरून उभी राहिले, आणि फडकं टेबलावर फिरवून परत आले. बोर्डाचा निकाल माझाही असतो.

एका वर्गात एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, हाई फक्त पेपरले शे, का घर बी सांगानं?"

इतका प्रामाणिक प्रश्न मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी विचारलेला नाही. मी म्हटलं, "घरी पण सांगायचं." वर्ग माझ्याकडे दयेने बघत राहिला. माझं घर कुठलं आणि ओट्यावर कोण बसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

तर आता गोष्ट श्रावणातली. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. हा खानदेशातला सण ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते. नारळाला नथ, डोळे, साज चढवून कानबाई मातेची स्थापना करायची आणि रोट, म्हणजे गव्हाच्या जाड भाकऱ्या, करायचे. रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू मोजून घ्यायचे; बाळ पाळण्यात असलं तरी त्याची मूठ पडते. आणि ते रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. शेजारी नाही, पाहुणा नाही, जावई तर मुळीच नाही. एक तुकडाही कुळाबाहेर जाता कामा नये. म्हणून सुरतेपासून पुण्यापर्यंत पांगलेले सगळे भाऊबंद त्या दिवशी घरी येतात.

त्या वर्षी मोठ्या मायचा धाकटा मुलगा सुरतेहून येणार होता, बायको आणि चार-सहा महिन्यांचा मुलगा घेऊन. मोठ्या मायने नातवाला अजून फक्त मोबाइलमध्ये बघितलेलं. फोन आला की ती स्क्रीनवरच्या गालाला बोट लावायची आणि फोन बंद पडायचा. आता तो येणार आणि त्याच्या नावाची पहिली मूठ पडणार. मोठी माय आठवडाभर आधीपासून गहू निवडत बसली होती. निवडलेले पुन्हा निवडत होती. त्या गव्हाला इतका मान मिळाला नसेल कधी.

आणि त्याच आठवड्यात, गावाबाहेरच्या विजेच्या डीपीवर शॉक बसून, एक वानर गेलं.

चांगलं थोराड, पांढऱ्या कल्ल्यांचं. आबांच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, रोज यायचं ते. सगळं गाव हळहळलं. श्रावण, त्यात शनिवार जवळ, म्हणजे साक्षात मारुतीच गेला. वर्गणी निघाली, ट्रॅक्टरची ट्रॉली केळीच्या खांबांनी सजली, भजनी मंडळ आलं. डीजेवालाही आपणहून आला, पण त्याच्याकडे सगळी लग्नाची गाणी निघाली, तेव्हा त्याला टाळ वाजवायला बसवलं. यात्रा आमच्या दारावरून गेली आणि मी धाब्यावरून बघितली. अंगावर शाल, गळ्यात हार, तोंडावर गुलाल. खरं सांगते, जरा भरून आलं. आणि जरा मजाही वाटली. या दोन गोष्टी माझ्यात एकाच वेळी होतात, त्याला इलाज नाही.

पुढचं आमच्या ह्यांनी सांगितलं. माझे यजमान एकूण आयुष्यात कमी बोलतात, पण बातमी मात्र पूर्ण आणतात. तापीच्या काठावर चिता रचली आणि प्रश्न आला, मडकं कोण धरणार, अग्नी कोण देणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा आबा पुढे झाले. "मन्ह्या धाबावर ऱ्हाये तो," म्हणाले, "मी देस." तिथवर ठीक. पण मडकं धरणाऱ्याने करायचं ते सगळं यथासांग करायचं, असं त्यांनी ठरवलं. न्हावी तिथेच होता. आबा दगडावर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "उतार."

न्हाव्याने म्हणे तीनदा विचारलं, काय उतरवू.

आबा घरी आले तेव्हा मोठी माय दारात गहू पाखडत होती. तिने वर बघितलं, पदर सावरला आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोन पाह्यजे तुमले?"

मी आत तोंडात पदर कोंबून बसले. आबांचा वरचा ओठ आयुष्यात पहिल्यांदा उन्हात आला होता. तो गुलाबी, लहान बाळासारखा होता आणि सारखा थरथरत होता, जणू त्यालाच लाज वाटत होती.

तेवढ्यावरही भागलं असतं. पण आमच्या भाऊबंदकीत नाना आहेत.

नाना म्हणजे आबांचे चुलत भाऊ, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. वकील व्हायचं राहून गेलं म्हणून सगळ्या गावाला साक्षीदार समजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर येऊन बसले, चहा घेतला आणि आबांच्या ओठाकडे बघत अगदी साधेपणाने म्हणाले, "आबा, मानूस मिशी कव्हय काढस?"

आबांनी चहाचा कप ओठापुढे धरला.

"बाप मरना तं काढस ना? मंग तुमना बाप मरना. तुमना बाप म्हंजे मन्हा काका. मन्हा काका मरना म्हंजे माले सुतक. बठ्ठा भाऊबंदले सुतक." नानांनी बशी खाली ठेवली. "सुतकमा कानबाई कशी बसई?"

आत माझ्या हातातली पळी थांबली. दारात मोठ्या मायचं सूप थांबलं.

आबांना पेच कळला. मिशी उगीच गेली म्हणावं, तर गावभर हसं. गेली ती बरोबरच गेली म्हणावं, तर सुतक. आबांना हसं चालणार नव्हतं. त्यांनी मिशीला पीळ द्यायला हात वर नेला, तिथे काही सापडलं नाही, आणि त्याच रागात ते म्हणाले, "सुतक शे तं शे! औंदा कानबाई नही."

मोठी माय उठली. सूप भिंतीला टेकवलं. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"मन्हा नातू पहिली दाव ई ऱ्हायना," ती म्हणाली, "आनि तुम्ही वांदरना पोऱ्या व्हई बठनात!"

नाना टाळी द्यायला हात पुढे करणार होते, तेवढ्यात तिने त्यांच्याकडे बघितलं. हात खिशात गेला.

दुपारी शाळेतून आले तर मोठी माय माझ्या स्वयंपाकघरात बसलेली. पुढे परात, परातीत गहू. माझ्याशी बोलायला ती कधी अशी येत नसे. आमचं सगळं बोलणं आबांच्या निमित्ताने व्हायचं. तिने मला खूण करून समोर बसवलं.

"खरं सांग वं पोरी," ती म्हणाली. "पेपरनं नको, खरं सांग. तो वांदर आपला कोन लागस?"

माझ्या नोकरीतला तो सगळ्यात मोठा क्षण होता, आणि समोर एकच विद्यार्थिनी होती. मी परातीतला गहू सपाट केला आणि बोटाने झाड काढलं. खाली खोड. वर एक फांदी, दुसरी फांदी. मोठ्या मायने एक खडा उचलून एका फांदीच्या टोकावर ठेवला. "हाऊ वांदर." दुसरीच्या टोकावर गव्हाचा दाणा. "हाऊ आबा."

"बरोबर."

"मंग हाऊ खडा ह्या दानाना बाप नही."

"नाही. खडा आणि दाणा शेजारशेजारच्या फांद्यांवर."

मी शिकवलेल्या कुठल्याही वर्गाला हे पहिल्या फटक्यात कळलेलं नाही. पण मोठ्या मायने आयुष्यभर दुसरं केलंय काय? कुणाच्या आत्याची मुलगी कुणाच्या मामाला दिली, कोण कुणाचा सख्खा आणि कोण चुलत, कुठल्या लग्नात कुणाला आहेर चुकला, हे सगळं तिच्या बोटांवर. तिला फक्त एक नवं घराणं कळलं, इतकंच.

"आनि हाई दोन्ही फांद्या फुटन्यात कोठे?" तिने खोडावर बोट ठेवलं. "कितल्या पिढ्या वर? सातना वर शे का?"

"सात? मोठी माय, दोन-अडीच कोटी वर्षांच्या वर गेलं ते. पिढ्या मोजायला बसलो तर लाखांत जातील."

तिने एकदम हात झटकले. गहू उडाला.

"मंग पिढी तुटनी ना वं!" ती म्हणाली. "सातना वर सुतक नही!"

आणि ती हसली. मला वाटतं, उत्क्रांती कळल्यावर एवढा निर्मळ आनंद जगात कुणालाच झाला नसेल.

संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. आबा खाटेवर, ओठावर उपरण्याचा शेव धरून. नाना पायरीवर. बाकीचे भाऊबंद भिंतीला टेकून, आणि आमचे हे सगळ्यात शेवटी, जिथून पळता येतं तिथे. मी पडद्याआड. मोठी माय दारात.

नानांनी घसा साफ केला. "सूनबाईले इचारा. मानूस वांदरपाईन व्हयना, का नही?"

मी आतून म्हटलं, "आजच्या माकडापासून माणूस झालेला नाही, पण दोघांचा—"

"ती म्हनस, नही!" मोठी माय जोरात म्हणाली आणि थांबली.

आबांचं उपरणं खाली आलं. "देखा! इतला वरीसपाईन मी काय सांगी ऱ्हायनू? मानूस मानूस शे! तिना तोंडथून निघनं!"

ओट्यावर आनंदाचा कल्लोळ. मी पडद्याशी सरकले. "मोठी माय, पुढचं सांगा ना. दोघांचा पूर्वज एक आहे."

"पुढलं तू मनमा ठेव," ती ओठ न हलवता म्हणाली.

"आजून काय म्हनस ती?" नानांचे कान तयार होते.

"म्हनस, नानाले च्या देवा का?"

पण नाना चहाला भुलणारे नव्हते. ते हळूच म्हणाले, "म्हंजे वांदर आपला कोनीच नही. अरे अरे! मंग आबा, तुमनी मिशी तं फुकट गई."

कुणीतरी खोकल्याआड हसलं. आबांचा गुलाबी ओठ पुन्हा थरथरला. मला दिसत होतं काय होणार ते: या माणसाचा हात एकदा मिशीकडे जाईल, मिशी सापडणार नाही आणि तो पुन्हा सुतकावर जाऊन बसेल.

हात गेला.

"फुकट?" आबा गरजले. "कोन म्हनस फुकट? सुतक शे!"

मोठ्या मायने माझ्याकडे वळून बघितलं. तिचं अर्धं शास्त्र संपलं होतं. उरलेलं अर्धं माझ्याकडे होतं, आणि त्यात एकही निरोप्या चालणार नव्हता. मी पदर नाकापर्यंत ओढला, पडदा बाजूला केला आणि उंबऱ्याबाहेर आले.

आमचे हे अर्धे उठले होते, ते तसेच राहिले.

"आबा," मी म्हटलं. पदराच्या आतून आवाज जरा फडफडला. "मिशी फुकट गेलेली नाही."

आबांनी मोठ्या मायकडे बघितलं, तिने निरोप द्यावा म्हणून. मोठी माय आकाशाकडे बघत होती. तेव्हा नाइलाजाने आबांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच.

"तो म्हंजे... आपला शे?" त्यांनी विचारलं.

"आहे, आबा. खोड एकच आहे. आपण एका फांदीवर, तो दुसऱ्या. भाऊबंद आहे तो. पण फार लांबचा. इतका लांबचा की पिढ्या मोजता येत नाहीत."

"बाप नही?"

"बाप नाही. भाऊबंद."

आबा विचार करू लागले. ब्रह्मदेवही कुठेतरी विचार करत असणार. नानांनी तोंड उघडलं, तेव्हा आबांनी तळहात दाखवून त्यांना थांबवलं.

"भाऊबंद शे, म्हंजे मिशी बरोबर."

"अगदी बरोबर."

"आनि सुतक?"

आता मोठी माय आकाशातून खाली आली. "पिढी तुटनी," ती म्हणाली. "लांबना भाऊबंदनं सुतक आंघोळपुरतं ऱ्हास. आंघोळ करी, संपनं!"

आबा ताडकन उठले. "चला रे बठ्ठा! आंघोळ करा!"

आणि मग तो देखावा, जो मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमची सगळी भाऊबंदकी, टोप्या काढून, संध्याकाळच्या भुरभुर पावसात, विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपखाली ओळीने. डोक्यावर पाणी पडताना प्रत्येक जण कुडकुडत होता आणि नाना सगळ्यात जास्त, कारण आबांनी त्यांना पाइपाच्या तोंडाशी उभं केलं होतं. "तुना काका व्हता ना?" आबा सारखे विचारत होते. "घे, आजून घे!" आमचे हे शेवटून पहिले होते. मला लांबून ती रांग बघून प्रयोगशाळेतला तक्ता आठवला: वाकलेला, जरा ताठ, केसाळ, ओला.

दुसऱ्या दिवशी वर्गात तीच मुलगी उठली. "बाई, मी घर सांगं," ती म्हणाली. "मन्हा बाप बी आंघोळ करी ऊना." मी फळ्याकडे तोंड केलं आणि खडू शोधण्यात बराच वेळ घालवला. उत्क्रांती त्यांना पटली की काय, ते मला अजून माहीत नाही. पण ती घरी पोचली, आणि न्हाणीपर्यंत पोचली. पुस्तकातला दुसरा कुठलाही धडा इतक्या आत गेलेला नाही.

शनिवारी सुरतेची गाडी आली. मोठ्या मायने नातवाला घेतलं, त्याच्या गालाला बोट लावलं आणि तो बंद पडला नाही. उलट त्याने भोकाड पसरलं. ती इतकी खूश झाली की स्वतःही रडली. गहू मोजायला बसलो तेव्हा आबांची मूठ पडली, मुलांची पडली, आमच्या ह्यांची पडली, आणि मग तिने बाळाला परातीपाशी आणलं. त्याने दोन्ही हातांनी गव्हावर झडप घातली. मुठीत आले चारदोन दाणे, तेही तोंडाकडे निघाले. मोठ्या मायने त्याची मूठ आपल्या मुठीत धरली, खाली आणली आणि दाण्यांवर स्वतःची भरून मूठ ओतली. "पडनी," ती म्हणाली, अगदी हळू, जणू कुणी ऐकलं तर परत काढून घेईल.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत तापीत गेली, आणि मग आम्ही सगळे रोट संपवायला बसलो. अंगणात पंगत. तुपात बुडवलेला रोट, वर दूध. मोठी माय नातवाला मांडीवर घेऊन त्याच्या ओठाला तुपाचं बोट लावत होती. आबा शेजारी. ओठावर नुकते काळे ठिपके उगवलेले, आणि त्यांच्याकडे ते सारखे बोटाने लक्ष देत होते.

तेवढ्यात धाब्यावरून एक वानर उतरलं.

बहुधा गेलेल्याचं कोणीतरी. तसेच पांढरे कल्ले. ते सरळ पंगतीतून चालत आलं, मोठ्या मायपुढच्या ताटातला अख्खा रोट उचलला, बाळाकडे एकदा नीट बघितलं आणि एका उडीत पुन्हा धाब्यावर.

पंगत दगड झाली. रोटाचा तुकडासुद्धा कुळाबाहेर जाता कामा नये, आणि हा तर अख्खा गेला, तोही बाळाच्या वाटचा. मोठ्या मायचा चेहरा पांढरा पडला. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या तोंडात घास होता.

मी गिळायच्या आत आबा बोलले.

"जेवा रे," ते म्हणाले. "घरमाच शे. भाऊबंद शे तो."

मग नानांनी बोट वर केलं. वकील ते वकीलच. "आबा, पिढी तं तुटनी व्हती ना?"

मोठ्या मायचा रंग परत आला. तिने नातवाला मांडीवर सरळ बसवलं, त्याचं तोंड धाब्याकडे वळवलं आणि नानांकडे न बघताच उत्तर दिलं.

"सुतकले तुटनी," ती म्हणाली. "रोटले नही."

वर वानर तूप चाटत बसलं होतं. बाळाने त्याच्याकडे बघून हात हलवला, आणि मी शपथेवर सांगते, आबांनीही हलवला.